साठ अक्षरांच्या सात ओळी

वाचनालयाच्या अंकासाठी गावातल्या एखाद्या माणसावर लिहा, असं मला सांगितलं तेव्हा मी दोन महिने टाळलं. पौडच्या तहसील कचेरीत, नक्कल शाखेत, माझी एकतीस वर्षं गेली. पण ती दुसऱ्यांनी लिहिलेलं उतरवण्यात. स्वतःचं लिहायचं म्हटलं की पहिलंच वाक्य खोडावंसं वाटतं. शिवाय जिच्यावर लिहिणार आहे ती मूळची घोटावड्याची नाही, आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. तरी लिहितो. चुकलंमाकलं संपादकांनी बघून घ्यावं.

आशालता आमच्याकडे आली २००३ साली, लग्नानंतर महिनाभरात. माहेर कळंबचं, सासर लातूरचं. नवरा दयानंद इथल्याच एका कारखान्यात फिटर. ती लातूरला कॉम्प्युटर शिकलेली होती आणि वर्षभरात तिला हिंजवडीत नोकरी लागली. सकाळी साडेसातला सहा सीटर रिक्षात दहाव्या माणसाच्या कोपराखाली बसून जायची, संध्याकाळी सातला तशीच परत यायची. आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी आमच्या सौभाग्यवतींपाशी, म्हणजे सारजाबाईपाशी, चुलीजवळ बसायची. दिवसभर इंग्रजी बोलून तोंड दुखतं म्हणायची.

२००६ साली किमया झाली. पोर अशक्त होती, वरचेवर आजारी पडायची. मी सांभाळते, असं सारजाबाई तिला म्हणाली होती, पण पोरीला सोडून जायला आशालताचाच जीव होईना. नोकरी सुटली. पुढची तीन वर्षं ती गावातल्या पोरांचे अकरावीचे फॉर्म भरून दे, कोणाच्या मोबाइलमधलं काहीतरी बिघडलेलं नीट करून दे, असं करत राहिली. आपण हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कामात होतो हे ती कोणाला सांगत नसे.

तिची एक रीत मला फार आवडायची. २००८ च्या उन्हाळ्यात आमच्या बोअरची मोटर बंद पडली. माझा पुतण्या भिवाजी आला. त्यानं फ्यूज बदलला, केबल बदलली, स्टार्टरच्या वायरी काढून पुन्हा जोडल्या आणि कपाळाला हात लावून बसला. आशालता किमयाला कडेवर घेऊन उभी होती.

"भाऊ, शेवटची कधी चालली होती?" तिनं विचारलं.

"काल सांजच्याला चालली की चांगली."

"मग काल रात्रीपासून बदललं काय, तेवढंच शोधा. तुम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्यात. आता ती चालली तरी कशानं चालली ते कळायचं नाही."

"तुमी सांगा मग, वहिनी. आमी आपलं आडाणी."

तिनं एकेक करून सगळं जुनं परत बसवायला लावलं. एक बदलायचं, बटण दाबायचं, बघायचं. तिसऱ्या खेपेला स्टार्टरमध्ये अडकून मेलेली पाल सापडली. भिवाजी पुढं आठ दिवस तिला 'पालवाल्या वहिनी' म्हणत होता. ती हसायची.

२००९ संपता संपता दयानंदच्या कारखान्याचं बिनसलं. कारखाना दुसरीकडे हलणार, मोजकीच माणसं सोबत नेणार, असं ठरलं. लातूरला त्याच्या थोरल्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. ये इकडं, असा त्यांचा दर आठवड्याला फोन. दयानंदनं मार्चअखेर खोल्या सोडायचं ठरवलं. आशालतानं त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: तोवर तिला घरबसल्या करता येईल असं काम मिळालं, तर राहायचं. दयानंद हो म्हणाला, पण ते काही होणार नाही असं धरूनच म्हणाला असावा.

"लातूरला गेले की हे सगळं विसरायचं, मावशी," ती एकदा सारजाबाईला म्हणाली. "दुकानात बसून खिळे मोजताना कोण आठवण ठेवतं."

तिच्या जुन्या कचेरीतली जान्हवी नावाची मैत्रीण होती. तिच्या ओळखीनं फेब्रुवारीत बंगळूरच्या एका लहान कंपनीनं आशालताची परीक्षा घ्यायचं मान्य केलं. परीक्षा अशी, की कंपनीच्या प्रोग्रामचा सगळा मजकूर त्यांच्या दूरच्या मशीनवरून आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा, त्यात त्यांनी सांगितलेली एक चूक शोधायची आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत दुरुस्ती पाठवायची. जमलं तर घरी बसून काम. नाही जमलं तर लातूर.

मजकूर उतरवायचा रस्ता कुलूपबंद असतो. त्या कुलपाला एसएसएच म्हणतात. मला ते आशालतानं समजावलं ते असं: तिच्या लॅपटॉपवर दोन फायली तयार होतात, जोडीनं, या कुलपाच्या किल्ल्याच म्हणा. एक गुप्त, ती तिनं कोणालाही द्यायची नाही. दुसरी उघडी, ती कंपनीकडे पाठवायची. मग आशालता दारात आली, की कंपनीचं मशीन दोन्ही फायलींचा मेळ बसतो का बघतं आणि आत सोडतं.

"म्हणजे बँकेत नमुना सही देतात तसं," मी म्हणालो.

"तसंच, आबा. बरोब्बर."

मला त्या 'बरोब्बर'चा फार आनंद झाला आणि तिथंच माझं चुकलं. आपल्याला कळलंय असं वाटू लागलं.

सोमवारी तिला ती उघडी फाइल पाठवायची होती. नेटचं डेटा कार्ड मंगळवारी मिळणार होतं, किमयाला कांजिण्या आलेल्या, दयानंद पहिल्या पाळीला गेलेला. मी बँकेच्या कामाला पौडला निघालो होतो. मीच म्हणालो, मी पाठवतो. तिनं पेन ड्राइव्ह दिला आणि आपल्या मेलचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला.

"हा कोणाला द्यायचा नसतो आबा, तुम्हाला म्हणून देतेय. उद्या मी बदलेन. आणि चिठ्ठी फाडून टाका."

मी ती चिठ्ठी परत येताना फाडली. अर्धे तुकडे एसटी स्टँडवर टाकले आणि अर्धे घरी आल्यावर चुलीत. सारजाबाईनं विचारलं, काय जाळताय. मी म्हणालो, काही नाही.

पौडला स्टँडसमोर आमच्या गावातल्या कुशाबाच्या मुलाचं इंटरनेटचं दुकान होतं. त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि ती फाइल उघडायला गेला, तर भलताच प्रोग्राम उघडायला लागला आणि फाइल खराब आहे म्हणाला. मग त्यानं ती साध्या वहीसारख्या खिडकीत उघडली. आत एकच ओळ होती. इंग्रजी अक्षरं, आकडे, काही अर्थ नाही, आणि ओळ इतकी लांब की पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर गेलेली. त्याला सरकवत सरकवत न्यावं लागत होतं.

"हे असंच टाकू का मेलमध्ये, आबा?"

माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. नक्कल शाखेत आम्हाला शिकवलेलं असतं, की समास सोडायचा आणि ओळ समासाबाहेर जाऊ द्यायची नाही. टंकलेखनाच्या ओळीत साठ अक्षरं, हे माझ्या बोटांत बसलेलं. समोरचा साहेब ही ओळ वाचणार कशी, असं मला वाटलं. मी त्याला म्हणालो, साठ अक्षरं मोज आणि खाली ये. पुन्हा साठ, पुन्हा खाली. सात ओळी झाल्या. सहा पूर्ण, सातवी अर्धी. वर 'आदरणीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' इंग्रजीत घातलं. मग मी रुजुवात घेतली, म्हणजे मूळ प्रत आणि नक्कल अक्षर-अक्षर ताडून पाहिली. त्यानं वाचायचं, मी बघायचं. नंतर मी वाचायचं, त्यानं बघायचं. तो कंटाळला. एकही अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. पाठवलं. घरी येताना बसमध्ये मला, काय सांगू, निवृत्तीनंतर पहिल्यांदा काम केल्यासारखं वाटलं.

मंगळवारी डेटा कार्ड आलं. माळ्यावर चढायच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्याला चांगली रेंज यायची, म्हणून आशालतानं तिथंच पाट टाकून लॅपटॉप मांडीवर घेतला. आधी पासवर्ड बदलला, मग मजकूर उतरवायची आज्ञा दिली. उत्तर लगेच आलं: पर्मिशन डिनाइड. आत यायची परवानगी नाही.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

पहिल्या दिवशी तिनं कंपनीतल्या निषाद नावाच्या माणसाला मेल केला, तो त्या मशीनचं बघायचा. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: तुमची किल्ली बसवली आहे, तुमच्या बाजूला तपासा. तीन वर्षं घरी बसलेली बाई, आल्या आल्या दारातच अडखळतेय, असं त्याला वाटलं असेल, हे तिनं मनात घेतलं. त्यामुळे तिनं त्याला पुन्हा काही विचारलं नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून शोधत राहिली.

दयानंद पाळीवरून आला की जिन्याखाली उभा राहायचा.

"काय करायलीस अजून? परवापासून ते एकच वाक्य दाखवायलंय तुला."

"बघतेय."

"दादाचा फोन आला होता. ट्रक कधी बोलवू म्हणून विचारायलाय."

"शुक्रवार तर होऊ दे," ती मान वर न करता म्हणायची.

तो वाईट माणूस नाही. तिची ओढाताण लवकर संपावी असं त्याला वाटत होतं, एवढंच.

गुरुवारी दुपारी पोर झोपली होती. आशालता वही घेऊन ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली.

"आबा, एक काम करा. मी सांगते ते नुसतं ऐका. कळलं नाही तरी चालेल. दुसऱ्याला सांगताना आपली चूक आपल्याला दिसते."

ऐकणं मला जमतं. सारजाबाई आतून म्हणाली, "त्येवढं एकच येतंय त्यास्नी."

आशालतानं वहीतली यादी वाचली. मोटरीच्या वेळचीच रीत. एका वेळी एकच. पहिलं, आपण त्या मशीनपर्यंत पोचतो का? पोचतो. रस्ता बंद असता तर बराच वेळ काहीच घडलं नसतं आणि शेवटी कंटाळून थांबलं असतं. इथं नकार झटकन येतो, म्हणजे नाही म्हणायला तिकडं दारात कोणीतरी आहे. दुसरं, पत्ता आणि नाव बरोबर आहे का? आहे, तीनदा पाहिलं. तिसरं, गुप्त फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी राहिलेली नाही ना? तशी राहिली तर एसएसएच ती वापरतच नाही. नाही, बंद केली आहे. चौथं, लॅपटॉप योग्य तीच किल्ली पुढं करतोय का? करतोय. काय काय करतोस ते बोलून दाखव, असं लॅपटॉपला सांगायची सोय असते, त्यात ते दिसतं. किल्ली पुढं केली जाते आणि तिकडचं मशीन तिला ओळखत नाही.

"आणि पाचवं, किल्ली तिकडं बसवली आहे का. तर निषाद म्हणतो बसवली." तिनं वही मिटली. "मी पाठवलेला मेलही उघडून पाहिला. बरोबर दिसतो. आता ही किल्ली म्हणजे एकच ओळ असते आबा, कितीही लांब असली तरी एकच. ती जशीच्या तशी तिकडच्या फाइलीत चिकटवायची, बस. त्यात चुकायला जागाच नाही."

मी ऐकलं आणि मला पौडच्या दुकानातल्या माझ्या सात ओळी आठवल्या.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. ती वही घेऊन उठून गेली तरी मी तिथंच बसून राहिलो. माझी शंका खरी की खोटी, हेही मला ठरवता येईना. ओळ मोडली म्हणून काय झालं, अक्षरं तर सगळी आहेत, असं एकदा वाटायचं. मग वाटायचं, कितीही लांब असली तरी एकच, हे तिनं उगाच सांगितलं नाही. संध्याकाळी मला भाकरी गेली नाही.

"काय झालंय?" सारजाबाईनं विचारलं. "सोमवारी कागूद जाळलात, आज भाकर टाकलीत. कुटं सही-बिही करून आलाय का काय?"

मी तिला सगळं सांगितलं.

"मग ह्ये मला का सांगताय? म्या काय तुमची ती वळ जोडून देनार हाय? तिला सांगा."

"माझ्यामुळं तिचे तीन दिवस गेले."

"तीन गेलं. चौथा घालवू नका."

शुक्रवारी सकाळी सातला मी मागच्या दारी गेलो. आशालता किमयाच्या अंगाला कडुनिंबाचं पाणी लावत होती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणालो, की ती ओळ मी मोडली होती. साठ-साठ अक्षरांवर. वाचायला बरं पडावं म्हणून.

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिनं हात पुसले, लॅपटॉप उघडला, सोमवारचा मेल काढला. मेलच्या पानावर लांब ओळ आपोआपच दुमडून दिसते, त्यामुळे नुसतं पाहून तिला शंका आली नव्हती. आता तिनं तो मजकूर उचलून वहीसारख्या खिडकीत टाकला. माझ्या सात ओळी तिथं दिसल्या, समास सोडून, एकाखाली एक, सरळ.

मी चप्पल पायात सरकवायला लागलो.

"थांबा, आबा. साठच का?"

"नक्कल शाखेत तेवढीच बसायची."

"आणि अक्षरं? एखादं सुटलं असेल?"

"नाही. दोनदा रुजुवात घेतली."

"दोनदा," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून हसली. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्यानं की तीन दिवसांच्या थकव्यानं, ते मला कळलं नाही. किमयाही उगीच हसायला लागली. "साडेतीनशेच्या वर अक्षरं, आणि दोनदा. आबा, असं काम आमच्या जुन्या कंपनीतही कोणी करत नव्हतं हो."

"माझं चुकलं, बाई."

"माझंही चुकलं. निषादला परत विचारायची लाज वाटली मला. पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, तुमच्या फाइलीत काय दिसतं ते दाखवा, तर दोन मिनिटांचं काम होतं." तिनं वही उघडून पाचव्या प्रश्नाखाली लिहिलं: सहा, किल्ली एका ओळीत आहे का. "हा प्रश्न माझ्या यादीतच नव्हता."

मग तिनं निषादला मेल लिहिला आणि मला वाचून दाखवला. पाठवताना माझ्याकडून ओळी तुटल्या होत्या, अखंड ओळ फाइल म्हणून सोबत जोडली आहे, असं त्यात होतं. 'माझ्याकडून' म्हणजे तिच्याकडून. मी काही बोलणार होतो, तेवढ्यात तिनं पाठवूनही दिला.

दहापर्यंत उत्तर नाही. अकराला तिनं फोन केला. किती दिवसांनी तिला खड्या आवाजात इंग्रजी बोलताना ऐकलं. साडेअकराला निषादचं उत्तर आलं, की आता करून बघा. तिनं चौथ्या पायरीवर बसून आज्ञा दिली, आणि या वेळी नकाराऐवजी आकडे चालू झाले. एक टक्का, दोन टक्के. सारजाबाई हातातलं सूप घेऊनच बघायला आली.

"आलं व्हय?"

"येतंय, मावशी."

"लई हळू येतंय."

एकतीस टक्क्यांवर रेंज गेली आणि सगळं थांबलं. पुन्हा सुरू केलं तर पहिल्यापासून. दुसऱ्यांदा चव्वेचाळीसवर गेली. एक वाजला होता. अर्ध्यावरून पुढं नेता येत नाही का, असं मी विचारलं. नाही येत, ती म्हणाली, आणि नखं कुरतडू लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा, तुमच्याकडे सातबारा मागायला माणूस यायचा, त्याला तुम्ही पन्नास वर्षांचे सगळे फेरफार द्यायचात का?"

"नाही. मागितले तरच. नाहीतर आजचा उतारा."

"मला पण आजचाच बास आहे. यांनी प्रोग्राममध्ये आजवर केलेला प्रत्येक बदल मी ओढत बसलेय."

तिनं आज्ञेत थोडा फरक केला, की जुना इतिहास नको, फक्त शेवटची स्थिती द्या. दहा मिनिटांत सगळा मजकूर उतरला. मग ती त्यातली ती सांगितलेली चूक शोधायला लागली. दोनला वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. साडेतीनला दयानंद पाळीवरून आला, जिन्याखाली उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा बघून मिटलं. आत जाऊन त्यानं स्वतः चहा केला आणि पेला तिच्या पायरीवर नेऊन ठेवला. तो तसाच गार झाला. पाच वाजून दहा मिनिटांनी दुरुस्ती मेलनं गेली. बॅटरी तेव्हा लाल दाखवत होती.

मंगळवारी उत्तर आलं. तिला कामावर घेतलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी दयानंद अंगणात उभा राहून भावाशी फोनवर बोलत होता. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पण लातूरला फोन करताना तो लातूरपर्यंत ऐकू जाईल असाच बोलतो.

"नाही, दादा, ट्रक नको. हां. नाही, माझं नाही, तिचं लागलं. घरूनच. आता मीच बघतो हितं काहीतरी. पिरंगुटला विचारायलोय."

त्याच्या आवाजात थोडी लाज होती आणि बराच अभिमान.

सारजाबाई चुलीपाशी होती. फोन संपेपर्यंत ती थांबली आणि मग मला म्हणाली, "ती काय आता जन्मभर जिन्यावर बसून काम करनार हाय व्हय? मधल्या खोलीतला भात हलवा. तिला टेबल ठेवाया जागा लागंल."

मधली खोली म्हणजे आमची भाताची खोली. मी आणि दयानंदनं दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा पोती पडवीत आणली. त्यानं उचलायची आणि मी दार धरायचं. आशालता केरसुणी घेऊन मागं उभी होती, खोली कधी रिकामी होतेय याची वाट बघत.